एफेड्रा: वजन किलोभर, धोका हृदयाला

17 फेब्रुवारी 2003 रोजी बाल्टिमोर ओरिओल्स संघाचा बेसबॉलपटू स्टीव्ह बेक्लर फ्लोरिडात उष्माघाताने गेला. वय अवघं 23. वजन उतरवायला तो एफेड्रा या वनस्पतीच्या गोळ्या घेत होता. जास्तीचं वजन, अर्धपोटी राहणं, दमट हवेतला सराव, रक्तदाबाची जुनी तक्रार ही कारणं पुढे आली आणि त्यांत एफेड्राही होतं.

चिनी वैद्यकात ही वनस्पती मा हुआंग या नावाने दम्यावर पूर्वापार वापरतात. तिच्यातलं एफेड्रिन जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी 1885 मध्ये वेगळं केलं. ते पोटात गेलं की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे शरीराला उत्तेजित करणारं रसायन सुटतं. भूक मरते, शरीर जास्त ऊर्जा जाळतं. त्याच वेळी नाडी धावू लागते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. आत उष्णता वाढलेली आणि कातडीकडे रक्त कमी, त्यामुळे ही उष्णता बाहेर पडत नाही. जोडीला कॅफीन असलं की जोर आणखी वाढतो, आणि अशा गोळ्यांत ते सर्रास असायचं. चरबी जाळणारा गुण ठेवून हृदयाला झोडपणारा गुण काढून टाकणं शक्यच नाही, कारण दोन्ही एकाच रसायनाची कामं.

एवढं सोसून मिळतं काय? 2003 मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा महिन्याला जेमतेम 0.9 किलो जास्त घट! तीही थोड्या महिन्यांपुरती तपासलेली. धडधड, बेचैनी, उलट्या अशा तक्रारींची शक्यता मात्र दोन ते साडेतीन पट.

तरी ही गोळी खुलेआम विकली जात होती. अमेरिकेतल्या 1994 च्या कायद्यानुसार पूरक आहार विकण्याआधी तो सुरक्षित असल्याचं सिद्ध करून मंजुरी घ्यावी लागत नाही. तो घातक आहे हे नंतर सरकारने दाखवायचं. मला ही उलटी व्यवस्था अन्यायाची वाटते. एफेड्रावर तिथे बंदी लागू व्हायला एप्रिल 2004 उजाडलं. पाठोपाठ कडू संत्र्यातलं सिनेफ्रिन बाजारात आलं. त्याची रचना एफेड्रिनशी मिळतीजुळती, आणि वजन घटवण्याचा पुरावा तोकडा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. वजन घटवण्याच्या सिब्युट्रामिन या औषधावर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात 2011 मध्ये बंदी आली, पण जगभरात ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या कॅप्सुलांमध्ये ते लपवलेलं वारंवार सापडलंय. छातीत धडधड होते म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस ‘काही औषध घेता का?’ या प्रश्नावर सहज ‘नाही’ म्हणतो, कारण जडीबुटीची गोळी तो औषधांत धरतच नाही. ती डबी डॉक्टरांपुढे ठेवायलाच हवी.