न छेडलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चार: पंचम (प), दोन जोड (षड्ज, म्हणजे सा) आणि खरज (खालचा सा). गंधाराची, म्हणजे ग ची, तार नाहीच. तरी तंबोरा चांगला लागला, की खरज छेडल्यावर क्षणभराने वर कुठेतरी गंधार उमलतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भास वाटावा असा, पण तो खरोखरच त्या तारेत असतो.

काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी सा मानून लावलेल्या) तंबोऱ्यात खरजाची तार सेकंदाला साधारण 70 वेळा कंप पावते. त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरत असते. म्हणून 140 ला षड्ज, 210 ला पंचम, 280 ला पुन्हा षड्ज आणि 350 ला गंधार. हा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. याची एकदा गोडी लागली, की पेटीचा टोचतो.

असे उपस्वर कुठल्याही तारेत असतात. तंबोऱ्यात ते एवढे खुलतात ते जवारीमुळे. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तारेखाली सुती दोरा सरकवलेला. मिरजेचा कारागीर तो दोरा केसभर मागेपुढे करतो, कान लावतो, पुन्हा सरकवतो. एका जागी आवाज एकदम उघडतो. तिथे थरथरती तार घोडीला सतत चाटून जाते आणि तिची ताकद वरच्या स्वरांत वाटली जाते. तार बरोबर मध्यावर छेडली, तर नियमाप्रमाणे दोन भागांतला उपस्वर, म्हणजे 140 चा षड्ज, उमटायला नको. तंबोऱ्यात तो ठणठणीत ऐकू येतो, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं.

हे सगळे स्वर कानात एकाच लाटेतून शिरतात. त्यांची फोड होते आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या वेटोळ्यात. त्यातला पडदा उलगडला तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, तिथे बारीक स्वर थरथरतात. टोकाशी रुंद आणि सैल, तिथे खर्जातले. 350 ची जागा वेगळी, 70 ची वेगळी. तिथल्या केसपेशी मेंदूला निरोप धाडतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ढोलाच्या भिंतीपुढे उभं राहणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत, ते यासाठी.

मोबाइलवर तंबोरा लावला, तर त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून 70 कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाही. मेंदूपर्यंत 210, 280, 350 असे वरचेच स्वर पोचतात. त्यांच्यातलं अंतर 70 चं, तेवढ्यावरून मेंदू खरज भरून काढतो आणि आपण त्याच्यावर सा लावतो.