दहा मीटर नेमबाजी : सराव आणि नवशिक्याची घडण

हवेच्या दाबाने उडणाऱ्या शिशाच्या छऱ्याने दहा मीटरवरच्या लक्ष्याचा वेध घेण्याचा क्रीडाप्रकार. एअर रायफल आणि एअर पिस्तूल अशा त्याच्या दोन शाखा आहेत. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) छऱ्याला सर्रास ‘पेलेट’ म्हणतात. त्याचा व्यास ४.५ मिमी, म्हणजे .१७७ इंच. भारतात या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. त्यामुळे शाळकरी मुलापासून निवृत्त माणसापर्यंत बहुतेकांची नेमबाजी इथूनच सुरू होते.

लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असतो. रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि भोवतालचा काळा भाग (बुल) ३०.५ मिमी व्यासाचा. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी दहा गुण धरतात. म्हणजे पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पिस्तूल एका हाताने धरायचे असते, म्हणून त्याचे लक्ष्य मोठे : दहाचे वर्तुळ ११.५ मिमी, बुल ५९.५ मिमी. स्पर्धेत दोन्ही प्रकारांत साठ शॉट असतात. रायफलमध्ये दशांशात गुण मोजतात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात.

एअर रायफल १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून आणि पुरुषांचे एअर पिस्तूल १९८८ च्या सोलपासून खेळले जाते. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने याच एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. महाराष्ट्रात हा खेळ त्याआधीच रुजला होता. एनसीसीतून पुढे आलेल्या मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीत अंतिम फेरी गाठली. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत प्राथमिक फेरीत ४०० पैकी ४०० गुण केले. त्या वेळी महिलांना चाळीस शॉट असत, चाळीसही दहा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांनी नाव कमावले ते पन्नास आणि पंचवीस मीटरच्या प्रकारांत.

नवशिक्याला पहिल्या दिवशी नेम शिकवू नये. आधी नळीची दिशा शिकवावी. हत्यार रिकामे असो वा भरलेले, तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. शॉट मारून संपले की नळीतून रंगीत सुरक्षादोरी आरपार घालायची, म्हणजे नळी रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. आज्ञा मिळाल्याशिवाय फायरिंग लाइनच्या पुढे जायचे नाही आणि पेलेट शिशाचे असल्यामुळे हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही. या सवयी अंगवळणी पडायला आठवडा लागला तरी तो वाया गेला असे समजू नये. घाई करणाऱ्या पालकांनाही हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

यानंतर येते उभे राहणे. नवशिक्याचे निम्मे दुखणे इथेच असते. रायफलवाला लक्ष्याला बाजू देऊन उभा राहतो. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याचा डावा कोपर डाव्या कमरेच्या हाडावर टेकतो, आणि साडेपाच किलोपर्यंतच्या रायफलचे ओझे दंडाच्या स्नायूंऐवजी हाडांवरून जमिनीत उतरते. नवशिका मात्र रायफल हातांनी पेलायला जातो आणि दहाव्या शॉटला त्याचे खांदे थरथरू लागतात. लहान मुलांना सुरुवातीला म्हणूनच टेकू देतात.

प्रत्येक अंगठेवणीला स्वतःचा एक स्वाभाविक रोख असतो. तो तपासायची रीत सोपी आहे. पवित्रा घेऊन नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. साईट (हत्यारावरची नेम धरण्याची खूण) बुलच्या डावीकडे गेलेली दिसली, तर शरीराचा कल तिकडे आहे. अशा वेळी नवशिका हातांनी रायफल उजवीकडे ढकलतो. बुल जागेवर येतो, पण चाप दबताना स्नायू सैल पडतात आणि शॉट पुन्हा डावीकडे जातो. हात न हलवता पावले सरकवायची, सगळे अंग वळू द्यायचे आणि पुन्हा डोळे मिटून पाहायचे. ही तपासणी शॉटमालिकेच्या सुरुवातीला आणि मध्ये पाय हलले तर पुन्हा करावी.

पिस्तुलात कसोटी डोळ्यांची. मागच्या साईटच्या खाचेत पुढची साईट मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथे एका रेषेत. नजर पुढच्या साईटवर, बुल धूसर. हे नवशिक्याला पटत नाही, कारण जिथे मारायचे तिकडेच पाहावे असे मन सांगते. त्याला हिशेब करून दाखवावा. दोन साईटमधले अंतर साधारण ३३ सेंमी धरले, तर पुढची साईट खाचेत एक मिलिमीटर सरकताच दहा मीटरवर भोक सुमारे तीन सेंटिमीटर सरकते, म्हणजे मध्यापासून थेट बुलच्या काठावर जाते. याउलट दोन्ही साईट एका रेषेत ठेवून अख्खा हात एक मिलिमीटर हलला, तर भोकही तेवढेच हलते. हात थोडा हलणारच, तो कोणाचाही हलतो. त्याला भिऊन ‘आत्ता बरोबर आहे’ म्हणत चाप खसकन ओढणे, हा खरा घात.

हा झटका पकडण्याची एक जुनी युक्ती आहे. पेलेट भरण्याचे काम मदतनिसाने करायचे. कधी भरायचे, कधी नुसती लिव्हर मिटून हत्यार हातात द्यायचे; नेमबाजाला ते कळू द्यायचे नाही. नळी रिकामी असताना चाप दबला आणि पिस्तुलाचे नाक खाली डुचकले, तर नवशिक्याला आपला दोष डोळ्यांनी दिसतो. इतके दिवस कानीकपाळी ओरडूनही जे पटत नव्हते, ते दोन-तीन वेळा असे झाले की पटते. त्यानंतर चाप हळूहळू, सरळ मागे दाबायचा. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हत्यार खाली घ्यायचे आणि नव्याने सुरुवात करायची. शॉट टाळून खाली येणे ही कमाई आहे आणि तिचे मोकळेपणाने कौतुक करावे.

शॉट सुटल्यावरही क्षणभर तसेच राहायचे; याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. पेलेटचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो, आणि ते नळीबाहेर पडेपर्यंतची हालचाल त्याला लागते. भोक कुठे पडले हे पाहायला मान वर करणाऱ्याचे शॉट म्हणूनच बिघडतात.

लक्ष्याचा कागद वाचताना आधी ग्रुप (भोकांचा पुंजका) पाहावा, गुण नंतर. पाच भोके एका नाण्याखाली झाकली गेली, पण सगळी सातच्या वर्तुळात आहेत, तर नेमबाज उत्तम चालला आहे. साईटचे काही क्लिक (ती किंचित सरकवणारे खटके) फिरवले की ग्रुप मध्यावर येतो. एक भोक दहात आणि बाकीची चहूकडे, तर साईटला हातही लावू नये. दर शॉटनंतर क्लिक फिरवणाऱ्याचा ग्रुप कधीच बसत नाही. दोन-तीन सत्रे कोऱ्या पांढऱ्या कार्डावर घेतली तर आणखी चांगले. वर्तुळे नसली की गुणांची धास्ती जाते आणि लक्ष साईटवर व चापावर टिकते.

घरच्या सरावात पेलेट लागतच नाही. स्पर्धेच्या हत्यारांत ड्राय फायरची (पेलेट न भरता चाप ओढण्याची) सोय असते, तेव्हा भिंतीवर छोटा ठिपका लावून रोज वीस मिनिटे पुरतात. स्प्रिंगच्या बंदुकीवर मात्र हा प्रयोग करू नये. पेलेटविना चाप ओढला तर पिस्टनला इजा होते. सोबत वही ठेवावी आणि तिच्यात गुणांपेक्षा अनुभव लिहावा. शॉट सुटताच, कागद न पाहता, तो कुठे गेला असेल ते बोलून दाखवायचे (कॉल करायचे) आणि मग पडताळायचे. कॉल आणि भोक जुळू लागले की आपली चूक आपणच ओळखण्याची ताकद आली असे समजावे.

शिकवणाऱ्याने लक्ष्याकडे पाठ करून नवशिक्याकडे पाहावे : चापावरचे बोट, छातीचा श्वास, दस्त्यावर टेकलेला गाल, शॉटनंतरची पापणी. एका सत्रात एकच दुरुस्ती सांगावी. श्वास, बोट, पाय असे सगळे एका दमात सांगितले, तर तो गोंधळतो आणि अंग ताठ करतो. दर पाच शॉटनंतर बसू द्यावे, पाणी द्यावे. ग्रुप पसरू लागला की थकवा आला आहे असे समजून सत्र तिथेच थांबवावे, पेलेटचा डबा अर्धा उरला असला तरी.