‘एका वहीची किंमत’ ही ओळ कुठून आली?

‘१२ वह्यांची किंमत ३०० रुपये, तर ७ वह्यांची किती?’ सहावीच्या वहीत याची रीत आज ठरलेली आहे. १ वहीची किंमत ३०० ÷ १२ = २५ रुपये, ∴ ७ वह्यांची २५ × ७ = १७५ रुपये. मधली ओळ गाळली तर उत्तर बरोबर असूनही गुण कापला जाण्याची धास्ती असते. ही एकमान पद्धत. तिच्याआधी कित्येक शतकं हेच उदाहरण त्या मधल्या ओळीशिवाय सुटत होतं, आणि त्या जुन्या रीतीचं नाव होतं त्रैराशिक.

नियम ‘आर्यभटीया’त, म्हणजे इ.स. ४९९ मध्ये सापडतो. मराठी मुलखाला जवळचा दाखला ११५० च्या ‘लीलावती’चा. तिच्या कर्त्याच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या, ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. नियम एवढाच: प्रमाण (इथे १२ वह्या) आणि इच्छा (७ वह्या) या एका जातीच्या राशी दोन टोकांना, फल (३०० रुपये) मध्ये; फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. व्यस्त असेल, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी घटत असेल, तर उलट करा. व्यस्ताचं तिथलं एक उदाहरण आज वाचताना अंगावर येतं: १६ वर्षांच्या दासीची किंमत ३२ निष्क, तर २० वर्षांच्या दासीची किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५. हे गणित कोणत्या बाजारात उभं होतं, ते त्यावरून कळतं.

पंतोजींच्या शाळेत पाढ्यांच्या जोडीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी (साडेतीनचा पाढा) असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. त्यातलं बहुतेक त्रैराशिक तोंडी करता यावं म्हणूनच होतं. १८२० च्या दशकात मुंबईत इंग्रजी अंकगणित मराठीत छापलं जाऊ लागलं. पुढे चार राशी ठिपक्यांनी जोडून मांडायची १२ : ७ :: ३०० : क्ष ही पद्धत शाळांत रुळली.

खरा फरक पडला तो १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवशी रुपयाचे १०० नये पैसे झाले, आणि १९६२ पर्यंत मण-शेर जाऊन किलो आले. त्याआधी १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा, ४० शेरांचा मण, १६ छटाकांचा शेर. मणाला ३२ रुपये भाव असेल तर एका शेराला १२ आणे ९.६ पै पडतात. ‘आधी एकाची किंमत काढा’ असं त्या काळात कुणी सांगितलं असतं तर दुकानदाराने हात जोडले असते. त्याचा आडाखा वेगळा होता: मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितके आणे. ३२ रुपये मण, तर अडीच शेर ३२ आण्यांना, म्हणजे दोन रुपयांना. हा आडाखा ४० भागिले १६ यावर उभा आहे. दशमान नाणी-वजनं येताच त्याचा पायाच गेला. उलट एका किलोचा भाव काढणं सोपं झालं आणि एकमानाला मोकळं रान मिळालं.

इंग्लंडमध्ये त्रैराशिकावर ‘पोपटपंची’ हा आक्षेप एकोणिसाव्या शतकातच घेतला जात होता आणि त्यातूनच एकमानाचा पुरस्कार झाला. आपल्याकडे १९६७ पासून राज्यभराची पाठ्यपुस्तकं एकाच ठिकाणी तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात संच वगैरे घेऊन नवं गणित आलं आणि १९७५ मध्ये १०+२+३ या नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली. या सगळ्यात त्रैराशिक हा मथळा हळूहळू मागे पडला. युक्तिवाद असा की मुलाने नियम पाठ न करता प्रत्येक पायरीचं कारण सांगावं. शिवाय तपासणाऱ्याला पायरीला गुण देता येतात. दुसरं कारण उघडपणे कमी बोललं जातं, पण रीत पक्की झाली ती मला वाटतं त्यामुळेच.

मतभेद आहे तो इथे. एकमानाने समज वाढते, हे गृहीत धरलं जातं. आता हे पाहा: ७ वह्या ६० रुपयांना, तर २१ वह्या कितीला? सवयीने मूल आधी भागाकार उरकतं, ८.५७ लिहितं, २१ ने गुणून १७९.९७ काढतं. त्रैराशिक करणारा ६० × २१ ÷ ७ मांडतो, २१ आणि ७ मधून ७ काढतो आणि १८० वर येतो. भागाकार शेवटी ठेवायचा हे शहाणपण त्या नियमातच होतं. एकमानातही ६०/७ तसंच ठेवता येतं, पण ‘एकाची किंमत’ लिहायची म्हटल्यावर अपूर्णांक ठेवून द्यायला किती मुलं धजावतात?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उन्हात ३ शर्ट वाळायला ४ तास लागतात, तर ६ शर्टांना किती? त्रैराशिकवाला ८ म्हणेल, हे खरंच. पण एकमानवालाही ‘१ शर्टाला १ तास २० मिनिटं’ अशी नेटकी पायरी लिहून ८ वरच पोचेल, आणि पायरीचा गुणही त्याला मागावासा वाटेल. राशी प्रमाणात आहेत का, सम की व्यस्त, हा प्रश्न दोन्ही रीतींच्या आधीचा आहे. जुने मास्तर मांडणीआधी ‘उत्तर वाढणार की घटणार?’ एवढं विचारत. त्या प्रश्नाला आज स्वतंत्र जागा मिळते ती सातवीत, समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण या नावांनी, आणि मग आठवीत, ‘चलन’ या प्रकरणात. तोवर सहावीतली रीत हाताला बसून गेलेली असते.

दरम्यान त्रैराशिक मागच्या दाराने परत आलं आहे. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून दुसऱ्या पेपरात अंकगणित आहे. तिथे पायऱ्या कुणी पाहत नाही, गोल काळा करायचा असतो. १२ मजूर रोज ८ तास काम करून १० दिवसांत १६० मीटर भिंत बांधतात, तर १५ मजूर रोज ६ तास काम करून १२ दिवसांत किती बांधतील? क्लासमध्ये शिकवतात: मजूर, दिवस आणि तास यांचा गुणाकार भागिले काम, दोन्ही बाजू समान. म्हणजे १६० × १०८० ÷ ९६० = १८० मीटर. फळ्यावर याला शॉर्टकट म्हणतात. ‘लीलावती’त पाच, सात, नऊ, अकरा राशींचे नियम आहेत; त्यातलं हे सप्तराशिक. दोन स्तंभ मांडायचे, फलाची बाजू बदलायची, ज्या बाजूला राशी जास्त तिच्या गुणाकाराला दुसऱ्या बाजूच्या गुणाकाराने भागायचं. तेच सूत्र नव्या अक्षरांत लिहून पोरं घोकतात. फी वेगळी.