अँटिबायोटिकने बिघडलेलं पोट आणि जपानची कांपो औषधं

अँटिबायोटिक सुरू झालं की ताप उतरतो, पण काहींचं पोट बिघडतं: पातळ शौच, गुरगुर, जेवणावरची वासना उडालेली. त्या गोळीला रोगजंतू कोणते आणि मोठ्या आतड्यातले आपले जिवाणू कोणते, हा भेद कळत नाही. हे जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य इंधन. त्याच्या बळावर आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं. जिवाणू घटले की न पचलेली कर्बोदकं तशीच राहतात, पाणी धरून ठेवतात आणि जुलाब लागतात.

कांपो म्हणजे चिनी वैद्यकातून आलेली जपानची पारंपरिक औषधपद्धती. जपानात पोटाच्या अशा तक्रारींवर 'हांगेशाशिन्तो' हे कांपो औषध दिलं जातं, आणि ते लिहून देतात आधुनिक वैद्यक शिकलेले डॉक्टरच. अनेक कांपो औषधांचा खर्च तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा उचलतो. हांगेशाशिन्तोची मूळ कृती सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग या चिनी वैद्याची. मळमळ, पोटातली गुरगुर, छातीच्या खाली जडपणा ही लक्षणं त्यानेच नोंदवली. आज पुडीतलं दाणेदार चूर्ण कोमट पाण्यातून घेतात. सात घटकांपैकी सुंठ आणि ज्येष्ठमध आपल्या ओळखीचे. कॉप्टिस या वनस्पतीचं कडूजार पिवळं मूळ परकं, पण त्यातलं बर्बेरीन हे द्रव्य आपल्या दारुहळदीतही असतं.

मला खरं कुतूहल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हांगेशाशिन्तोतल्याच स्कुटेलारिया या वनस्पतीच्या मुळीत बायकालिन हे द्रव्य असतं. ते जसंच्या तसं आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. जिवाणूंनी त्याला चिकटलेला शर्करेसारखा तुकडा तोडला, की मगच ते रक्तात जाऊ शकतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनचंही तेच. कांपोतल्या रेवाचिनीतली आणि आपल्या सोनामुखीतली सेनोसाइडं ही द्रव्यं तर जिवाणूंनी फोडल्याशिवाय रेचक ठरतच नाहीत. म्हणजे अँटिबायोटिकने जे जिवाणू मारले, त्यांच्याच हातून ही औषधं कामाला लागतात! त्यामुळे तीच पुडी निरोगी पोटात आणि अँटिबायोटिक चालू असलेल्या पोटात सारखीच वागेल, असं धरून चालता येत नाही.

आणि वनस्पतींची म्हणून ती निर्धोकही नाहीत. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. जुलाबात पोटॅशियम आधीच वाहून जात असतं. जुलाबांबरोबर ताप, रक्त किंवा पोटात जोराची कळ असेल, तर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. तिथे घरी पुड्या घेत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे जाऊन शौचाची तपासणी करून घ्यावी.