क्रँक सील गळतंय की पंपाचं सील? इंजिन बाहेर असतानाच बघून घ्या

स्किड स्टिअर, म्हणजे आपल्याकडे सगळे सरसकट ज्याला बॉबकॅट म्हणतात ते छोटं लोडर मशीन, कंपनी कुठलीही असो. त्याच्या पोटाखाली तेल दिसलं की मिस्त्रीचं वाक्य ठरलेलं असतं, "क्रँक सील गेलंय साहेब, इंजिन उतरवावं लागेल." बरेचदा खरंही असतं. पण ज्या मॉडेलमध्ये हायड्रोस्टॅटिक पंप (तेलाच्या दाबाने चाकं चालवणारा) कपलिंगने थेट फ्लायव्हीलला, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाला, जोडलेला असतो तिथे क्रँकचं मागचं सील (क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येतो तिथे तेल अडवणारी कडी) आणि पंपाच्या शाफ्टचं सील एकाच हाउसिंगमध्ये समोरासमोर बसलेले असतात, मग दोघांपैकी कुणीही गळलं तरी तेल खाली एकाच जागेवरून ठिबकतं. अशा वेळी इंजिन काढून नुसतं क्रँक सील टाकलं, सगळं परत जोडलं आणि दोन आठवड्यांत पुन्हा तेच तेल जमिनीवर, असं बऱ्याच साइटवर होतं.

इंजिन काढायला एवढा त्रास का, तर मशीनचा जन्मच अडचणीच्या जागेसाठी झालाय. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये सिरिल आणि लुईस केलर या भावांनी टर्कीच्या शेडमधली घाण काढायला तीन चाकांचा छोटा लोडर बनवला, तिथून ही सगळी जात आली. लहान अंगात सगळं कोंबलंय, त्यामुळे हाउसिंगच्या आत डोकावायची संधी रोज मिळत नाही.

आता ओळखायचं कसं. पहिली गोष्ट, इंजिन उतरवायच्या आधी मशीन प्रेशरने धुऊ नका, पुरावाच वाहून जातो. तेलाचा रंग बघा. डिझेल इंजिनातलं तेल काजळीने लवकर काळं पडतं, हायड्रॉलिकचं मधासारखं राहतं. पण वासावर किंवा हाताला लागणाऱ्या चिकटपणावर जाऊ नका, कारण कित्येक मशीनमध्ये हायड्रॉलिकलासुद्धा १०डब्ल्यू-३० सारखं इंजिन ऑइलच चालतं, म्हणजे डबा एकच. आणि कपलिंगच्या रबराची भुकटी मिसळली की हायड्रॉलिकचं तेलही काळपट दिसतं, तिथे बरेच जण फसतात. त्यापेक्षा काम चालू असताना दोन-तीन दिवस डिपस्टिक आणि हायड्रॉलिक टाकीची लेव्हल दोन्ही लिहून ठेवा, जी उतरते ती बोलते.

इंजिन सुटलं की लगेच कापड मारायचं नाही, आधी टॉर्च मारा. फ्लायव्हीलची इंजिनाकडची बाजू ओली आणि कपलिंगकडची कोरडी असेल तर क्रँक सील. कपलिंगच्या हबपासून बाहेर फेकल्यासारखे शिंतोडे असतील आणि पंपाचं तोंड ओलं असेल तर पंपाचं सील. दोन्ही सील कोरडे पण हाउसिंग वरून ओलं, असं असेल तर व्हॉल्व्ह कव्हर किंवा फिल्टरच्या बुडाचं तेल मागून ओघळतंय, आणि तुम्ही इंजिन फुकट काढलंत.

खरा फरक मात्र सील का गेलं त्यात आहे. क्रँक सीलच्या मागे असतो क्रँककेसमधला वारा. ब्रीदर (हा वारा बाहेर सोडणारी वाट) चोक झाला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून ब्लो-बाय, म्हणजे रिंगांमधून खाली निसटणारा गॅस, वाढला की आतला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) उचलतो. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण नुसतं उलटं ठेवून बघितलं असतं तर ते उडतंय का ते आधीच कळलं असतं. पंपाच्या सीलच्या मागे वारा नाही, तेलच असतं. ड्राइव्हच्या लूपमध्ये, म्हणजे पंप आणि चाकांच्या मोटरमधल्या तेलाच्या फेऱ्यात, २००-३०० बार चालतात, पण शाफ्टच्या सीलला ते झेपत नाहीत, त्याच्या वाट्याला फक्त पंपाच्या केसमधला काही बारचा दाब यायला हवा. पंपाच्या आत गळणारं तेल केस ड्रेनच्या होजमधून टाकीत जातं. तो होज दबला, पिळला किंवा पुढचा कूलर चोक झाला की केस फुगते आणि नवं सीलसुद्धा उडतं. पंप आतून झिजला असेल तर ड्रेनला येणारं तेलच जास्त असतं. म्हणून केस ड्रेनचा दाब इंजिन काढायच्या आधी गेजवर बघून घ्या, नंतर मोजायला इंजिनच नसतं.

बसवायची पद्धतही वेगळी. काही इंजिनांना, उदाहरणार्थ कमिन्सच्या ४बी ला, टेफ्लॉनच्या ओठीचं क्रँक सील येतं, ते कोरडंच बसवतात, क्रँकही पुसून कोरडा, आणि सोबत येणारी प्लास्टिकची बाही वापरायची. साध्या रबरी ओठीच्या सीलला मात्र तेल लावूनच बसवायचं. इथे सवयीने उलटसुलट होतं. शाफ्टवर नख अडकेल एवढी खाच असेल तर नवं सील टाकून उपयोग नाही, पातळ स्टीलची स्लीव्ह चढवा. पंपाचा शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय, ते सोडून सील बदलू नका. स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातांवर) गंजासारखी लाल भुकटी दिसली तर स्प्लाइन घासतायत, अलाइनमेंट आणि कपलिंग बघा.

दोन्ही बदलायचे का? माझं मत, इंजिन उतरलंच आहे तर क्रँक सील बदलाच, मजुरीपुढे त्याची किंमत काहीच नाही. पंपाचं मात्र कोरडं असेल, शाफ्टला खेळ नसेल तर उगाच हात लावू नका, हब ओढताना आणि धुळीत सील काढताना जास्त नुकसान होतं. बॉबकॅटच्या ७७३ सारख्या बेल्टने पंप चालवणाऱ्या मॉडेलमध्ये हा गोंधळच कमी, तिथे पंप गळला तर तेल बेल्टवर येतं आणि बेल्ट सरकायला लागतो.

एक सांगायचं राहिलं, मागचं इंजिन हेच या मशीनचं काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं वजन आहे. ते काढलं की मशीन पुढे कलंडू शकतं, त्यामुळे बकेट आधीच उतरवून ठेवा, आर्म वर ठेवावेच लागले तर लॉक लावा, आणि पुढे ठोकळे द्या.

परत जोडताना पंप उघडला असेल तर स्टार्टर मारायच्या आधी केसमध्ये ड्रेनच्या पोर्टमधून स्वच्छ तेल भरा. कोरडा पंप फिरवला तर सीलच्या आधी पंपाचे पिस्टनच जातील.