वाटीमागचा ठणका आणि बाहेरच्या कडेची कळ

लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या एखाद्याचा गुडघा दुखू लागला की सोबतची मंडळी बहुधा लगेच ‘रनर्स नी’ असे निदान करून मोकळी होतात. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन निराळी दुखणी खपवली जातात: एक गुडघ्याच्या वाटीमागचे, म्हणजे पॅटेलोफेमोरल पेन, आणि दुसरे गुडघ्याच्या बाहेरच्या कडेचे, म्हणजे मांडीच्या बाहेरून उतरणाऱ्या ‘आयटी बँड’ या पट्ट्याचे दुखणे, आयटी बँड सिंड्रोम. दोन्ही सराव एकाएकी वाढवल्यावर डोके वर काढतात, दोन्ही उतारावर बळावतात आणि दोन्हींत एक्स-रे बहुतेकदा निर्दोष येतो. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जात असल्याने अनेक जण दिवाळीनंतरच्या थंडीतच अंतर झपाट्याने वाढवतात, त्यामुळे या तक्रारीही त्याच सुमारास वाढल्या तर नवल नाही.

दुखते कुठे, असे विचारल्यावर पहिल्या प्रकारातला धावपटू वाटीवर सगळा तळहात ठेवतो, तर दुसऱ्या प्रकारातला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा एका बोटाने दाखवतो. वाटीमागचे दुखणे बोथट असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना, किंवा सोलापूर-पुणे एसटीत पाय दुमडून काही तास काढल्यावर ते हमखास जाणवते. आयटी बँडचे दुखणे बसल्या जागी सहसा त्रास देत नाही. धावायला सुरुवात करताना गुडघा ठणठणीत असतो आणि मग दर वेळी साधारण त्याच अंतरावर, समजा चौथ्या किलोमीटरला, बाहेरच्या कडेला जळजळीत कळ येऊन थांबणे भाग पडते.

याचे कारण शरीररचनेत आहे. आयटी बँड हा खुब्यापासून नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत मांडीच्या बाहेरून उतरणारा चिवट पट्टा आहे. पाऊल टेकल्यानंतर गुडघा सुमारे ३० अंशांत वाकलेला असताना हा पट्टा हाडाच्या त्या उंचवट्यावर दाबला जातो. पूर्वी तो तेथे घासतो असे मानत; आता त्याच्याखालची संवेदनशील चरबी दाबली जाते, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे मानले जाते. रेंगाळत धावताना गुडघा या कोनात अधिक वेळ राहतो, म्हणून काहींना किंचित वेगाने धावल्यास उलट कमी दुखते. वाटीचा प्रश्न मात्र कोनाबरोबर वाढणाऱ्या दाबाचा आहे: गुडघा जितका खोल वाकतो, तितका वाटी आणि मांडीच्या हाडामधला भार वाढतो.

म्हणून सरावात कपात करण्याची रीतही वेगळी ठरते. वाटीमागचे दुखणे, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य असे मोजल्यास, तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमत असेल, तर अंतर घटवून धावणे बहुधा चालू ठेवता येते. पावले छोटी आणि थोडी जलद टाकावीत, मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, आणि पर्याय म्हणून सायकल चालवत असाल तर सीट फार खाली ठेवू नये. आयटी बँडच्या बाबतीत दुखणे सोसत पुढे जाणे सहसा अंगाशी येते. कळ चौथ्या किलोमीटरला येत असेल तर तिसऱ्यालाच थांबावे, उतार टाळावेत आणि कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा कंटाळवाणा व्यायाम नेटाने करावा. मैदानाच्या फेऱ्या अधूनमधून उलट दिशेनेही माराव्यात, आणि विजापूर रस्त्यासारख्या रस्त्याची कड बाहेर झुकलेली असेल तर सदैव त्याच कडेने धावू नये. फोम रोलरवर, म्हणजे फोमच्या जाड नळकांड्यावर, तासन्‌तास पट्टा रगडणाऱ्यांचा बराचसा वेळ वाया जातो असे माझे मत आहे, कारण त्याने तात्पुरते बरे वाटले तरी तो पट्टा लांबत नाही.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री झोपेतही ठणकू लागला, तर दुखणे या दोहोंपैकी नसण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी धावणे पूर्ण थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, मग शर्यत आठवड्यावर आलेली असली तरीही.