स्टार्ट बटण सरकलं, त्यात एवढं काय?

विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणत वर्षं काढलेल्या अनेक ऑफिसांना, क्लासेसना आणि झेरॉक्सच्या दुकानांना त्यामुळे विंडोज ११ कडे वळावं लागलं. म्हणजे ज्यांची यंत्रं तिच्या अटींत बसली त्यांना. विंडोज ११ काही नवी नाही. ती ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध आहे. पण पुष्कळांची तिच्याशी गाठ आत्ता पडली, आणि चार वर्षांपूर्वीचेच सूर पुन्हा ऐकू येऊ लागले. एक म्हणतो, ‘काय सुटसुटीत केलंय!’ शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, ‘चांगलं चाललेलं मोडायची हौस कुणाला होती?’

यावर एक ठरीव उत्तर मिळतं: लोकांना बदल नकोच असतो. हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. याच लोकांनी यूपीआय पटकन आपलंसं केलं, दर दोन-तीन वर्षांनी नवा फोन घेतला आणि कुरकुर न करता वापरला. ते तेव्हा बदलाला घाबरले नाहीत, मग आताच का घाबरतील? एकाच स्क्रीनबद्दल दोन माणसं उलटसुलट बोलतात तेव्हा दोघंही खरं सांगत असण्याची शक्यता बरीच असते, कारण स्क्रीन एक असली तरी तिच्यापुढे बसलेले हात वेगवेगळे तयार झालेले असतात.

खिडक्यांचे गोल कोपरे, बदललेले रंग, उजव्या क्लिकनंतर ‘शो मोअर ऑप्शन्स’ हा वाढीव टप्पा, अशा तक्रारी पुष्कळ आहेत. त्या सगळ्या बाजूला ठेवून मी एकच घेतो. १९९५ पासून बहुतेकांनी डाव्या-खालच्या कोपऱ्यात पाहिलेलं स्टार्ट बटण विंडोज ११ ने मधोमध आणलं. एवढ्याशा सरकण्यात जे विज्ञान आहे ते मला भलतंच आवडतं.

त्याची सुरुवात संगणकापासून होत नाही, विमानापासून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वैमानिकांकडून नियंत्रणं हाताळताना झालेल्या ४६० चुकांचे अनुभव गोळा केले आणि १९४७ मध्ये अहवाल लिहिला. निम्म्याच्या आसपास चुका एकाच प्रकारच्या होत्या: एक दांडा ओढायचा तर दुसराच ओढला. कारण स्पष्ट होतं. बी-२५ विमानात डावीकडून थ्रॉटल (इंजिनाचा जोर), प्रोपेलर (पंखा), मिश्रण (इंधन आणि हवेचं) असा दांड्यांचा क्रम होता. सी-४७ मध्ये प्रोपेलर, थ्रॉटल, मिश्रण. सी-८२ मध्ये मिश्रण, थ्रॉटल, प्रोपेलर. एका विमानातून दुसऱ्यात गेलेल्या वैमानिकाचा हात जुन्याच जागी जात होता. याला तोवर ‘वैमानिकाची चूक’ म्हणत. फिट्स यांनी बोट ठेवलं ते आराखड्यावर.

याच फिट्स यांनी १९५४ मध्ये एक साधा प्रयोग केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या, हातात धातूची लेखणी. एकदा या पट्टीवर, एकदा त्या पट्टीवर टेकवायची, जमेल तितक्या वेगाने, पण चुकायचं नाही. पट्ट्यांमधलं अंतर २ इंचांपासून १६ इंचांपर्यंत बदललं, पट्टीची रुंदी पाव इंचापासून २ इंचांपर्यंत. सर्वांत सोप्या मांडणीत एका फेकीला सुमारे ०.१८ सेकंद लागले, सर्वांत अवघड मांडणीत ०.७३. यात आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. पट्टी २ इंच रुंद आणि अंतर १६ इंच असताना लागलेला वेळ साधारण ०.३९ सेकंद, पट्टी पाव इंच आणि अंतर फक्त २ इंच असताना लागलेला वेळही साधारण ०.३९ सेकंद. अंतर आठपट कमी, रुंदीही आठपट कमी, वेळ जवळपास तोच. हाताला अंतराशी किंवा आकाराशी सुटंसुटं देणंघेणं नसतं, त्यांच्या गुणोत्तराशी असतं.

फिट्स यांनी हे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती सिद्धांताच्या भाषेत मांडलं. अंतराची दुप्पट करा, तिला रुंदीने भागा, आलेल्या संख्येचं २ या पायाचं लॉगरिदम घ्या, की त्या हालचालीची अवघडता बिट या माहिती मोजण्याच्या एककात मिळते. वरच्या दोन्ही मांडण्यांत ती ४ बिट येते. सर्वांत सोपी मांडणी १ बिटची, सर्वांत अवघड ७ बिटची. वेळ या बिटांच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड आणि सहकाऱ्यांनी माउस तपासला तेव्हा त्यालाही हाच नियम लागू पडला, आणि माउसचा वेग नुसत्या हाताच्या वेगाच्या जवळ जाणारा निघाला.

असं का होतं? हाताची फेक दोन टप्प्यांत होते. आधी एक जोरदार झेप, जिच्यात डोळ्यांची फारशी मदत नसते. मग निशाणाजवळ आल्यावर डोळे पाहतात, चूक मोजतात, हात थोडा सरकवतात. पुन्हा पाहतात, पुन्हा सरकवतात. स्नायूंना जाणाऱ्या संदेशात मुळातच थोडा गोंधळ असतो आणि संदेश जितका जोरकस तितका तो वाढतो. लांबची झेप त्यामुळे जास्त फसते आणि लहान निशाणावर दुरुस्त्या जास्त कराव्या लागतात. वेळ खातो तो हा दुरुस्तीचा टप्पा.

आता कोपऱ्याकडे या. माउसचा बाण स्क्रीनच्या कडेबाहेर जात नाही. तुम्ही माउस डावीकडे-खाली कितीही जोरात ढकला, बाण कोपऱ्यात जाऊन थांबतो. धाव पूर्ण करणारा फलंदाज क्रीझवर नेमका थांबत नाही, ओलांडून पुढे पळतो, म्हणूनच त्याला आधी वेग कमी करावा लागत नाही, तसंच हे. कोपऱ्यातल्या बटणाला दुरुस्तीचा टप्पाच उरत नाही.

आकडे घालून पाहू. १९२० गुणिले १०८० पिक्सेलची स्क्रीन, बाण मधोमध. कोपरा सुमारे ११०० पिक्सेल दूर. खाली मधोमध असलेलं बटण ५२० पिक्सेल दूर, म्हणजे निम्म्याहून कमी. बटण ४४ पिक्सेल रुंद धरलं तर फिट्स यांच्या सूत्राने मधल्या बटणाची अवघडता साडेचार बिट येते. तेवढंच बटण कोपऱ्याजवळ, पण कडांपासून सुटं असतं, तर ती साडेपाचच्या वर गेली असती. पण कोपऱ्यात रुंदी ४४ उरत नाही, कारण पुढे जायला मोकळीक आहे. ५०० पिक्सेलची मोकळीक धरली तरी अवघडता साधारण दोन बिटवर उतरते. दुप्पट लांबचं बटण हाताला निम्मंच अवघड! मधल्या बटणालाही खालच्या कडेचा आधार आहेच. बाण बरोबर त्याच्या वर असेल तर तेही सोपं. पण बाण बरोबर वर असतो किती वेळा? तिरका आला की आडव्या दिशेने नेम धरावाच लागतो.

विंडोज ९५ ने हा कोपरा निवडला आणि वर एक घोळही घातला. बटण कोपऱ्याला भिडवलं नाही. कडेला एक-दोन पिक्सेलची फट राहिली होती आणि बाण अगदी टोकाला नेऊन क्लिक केलं तर काहीच होत नसे. पुढच्या आवृत्त्यांत ही फट बुजवली.

हे झालं हाताचं यंत्रशास्त्र. आता मेंदू. १९५३ मध्ये हेन्री मोलायसन या अमेरिकी तरुणाच्या मेंदूचा काही भाग अपस्मारावर उपाय म्हणून काढला गेला आणि त्याची नवी आठवण साठवण्याची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. आदल्या दिवशी हे केलंय हे त्याला आठवायचं नाही, पण हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. ‘कुठे आहे’ हे सांगणारी स्मृती आणि ‘कसं करायचं’ ही हाताची स्मृती मेंदूत वेगळी असते. दुसरीत बेसल गँग्लिया या खोलवरच्या भागाचा मोठा वाटा आहे. एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांना चक्रव्यूहात पळवून पाहिलं. वाट नवी असताना या भागातल्या पेशी पूर्ण धावभर सक्रिय असत; वाट अंगवळणी पडली की फक्त सुरुवातीला आणि शेवटी. मधला भाग एकसंध गाठोडं झालेला.

वर्षानुवर्षं कोपऱ्यात जाणारा हात असंच गाठोडं आहे. ते सुरू करायचा निर्णय तुमचा, मधलं काही तुमच्या ताब्यात नाही. ‘बटण आता मध्ये आहे’ हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळतं, हाताला कळत नाही. त्यातून विंडोज ११ ने दोन खोड्या काढल्या. एक, रिकामा झालेला कोपरा रिकामा ठेवला नाही. तिथे हवामान आणि बातम्यांचा फलक बसवला, जो बाण नुसता त्याच्यावरून गेला तरी उघडतो. हात सवयीने कोपऱ्यात जातो आणि समोर पावसाचा अंदाज. दोन, मधोमध असलेल्या आयकॉनची रांग नवा प्रोग्रॅम उघडला की दोन्ही बाजूंना पसरते, म्हणजे स्टार्ट बटण दर नव्या आयकॉनमागे अर्ध्या आयकॉनने डावीकडे सरकतं. जागाच पक्की नसेल तर हाताची स्मृती बसणार कशावर?

म्हणून या बदलाचा दंड सर्वांत जास्त भरतो तो सर्वांत सराईत माणूस. दिवसातून शंभरदा कोपरा गाठणारा अकाउंटंट चिडतो. आधी संगणक फारसा न वापरलेली त्याची मुलगी मधलं बटण बघते आणि तिला ते बरं वाटतं, कारण नजर बहुतेक वेळा मध्येच असते. तिसरा कीबोर्डवरची विंडोज कळ दाबून प्रोग्रॅमच्या नावाची दोन अक्षरं टाइप करतो. त्याला बटण हललंय हे कुणी सांगेपर्यंत कळतही नाही.

विंडोज ८ चा प्रकार याच्या उलट होता. २६ ऑक्टोबर २०१२ ला आलेल्या त्या आवृत्तीत स्टार्ट बटण दिसेनासं झालं आणि गदारोळ उठला. पण कोपऱ्यात क्लिक केलं तर काम होत होतं! हाताच्या स्मृतीला धक्का नव्हता. फसले ते डोळ्यांनी शोधणारे, कारण शोधायला तिथे काही उरलंच नव्हतं. शिवाय क्लिक केल्यावर रंगीत चौकोनांचा फलक अख्खी स्क्रीन झाकून टाके आणि हातातलं काम नजरेआड होई. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परतलं, २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मेनूही.

मराठी टायपिंगवाल्यांना हे नवं सांगायला नको. टाइपरायटरवर मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास झालेल्यांपुढे स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे अशी तर्कशुद्ध इनस्क्रिप्ट मांडणी आली तेव्हा नवशिक्यांना ती सोपी गेली, जुन्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांना टाइपरायटरची जुनी रेमिंग्टन मांडणीही द्यावी लागली.

‘२१ दिवसांत कोणतीही सवय बदलते’ असं छातीठोक सांगणारे प्रेरक वक्ते इथेही सापडतील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे तपासलं, तेव्हा सवय रुजायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. आणि त्या पाणी पिण्या-चालण्याच्या नव्या सवयी होत्या, जुनी मोडून घातलेल्या नव्हेत. एकवीस हा आकडा मोदकांसाठी ठीक आहे. जाता जाता हेही: खंडेनवमीला संगणकाला झेंडूची माळ घालायला माझी हरकत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करताना ती माळ कामाची नाही. बटणासाठी विंडोज १० ला चिकटून राहू नका. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, तिथे अलाइनमेंट ‘लेफ्ट’ केली की ते कोपऱ्यात परत जातं.

मग मायक्रोसॉफ्टने ते हलवलंच का? बाजू त्यांचीही आहे. कोपऱ्याची किमया फक्त माउसची. बोटाला स्क्रीनची कड अडवत नाही, ते पुढे टेबलावर जातं, त्यामुळे टचस्क्रीनवर कोपऱ्यातलं बटण नुसतं लांब पडतं. फार रुंद मॉनिटरवर नजर आणि मान दोन्ही डावीकडे वळवावी लागते. आणि दोन मॉनिटर शेजारी ठेवणाऱ्यांपैकी ज्यांचा मुख्य मॉनिटर उजवीकडे, त्यांना डावा कोपरा मिळतच नाही; बाण सरळ शेजारच्या स्क्रीनवर निघून जातो. विंडोज ८ मध्ये यावर तोड म्हणून त्या जोडावर, अगदी कोपऱ्यात, काही पिक्सेलचा अडसर घातला गेला, बाण तिथे अडावा म्हणून. त्यावर दुसरा गट वैतागला: एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना बाण कोपऱ्यात अडकतो.